बुकिंग न करता गाडीने कोकण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परीक्षा संपल्या की फोन सुरू होतात. "तुम्ही म्हणे बुकिंग न करताच जाता? आम्हालाही जायचंय, पण..." त्या 'पण'च्या पुढचे प्रश्न गेली कित्येक वर्षं तेच आहेत. प्रत्येकाला तासभर फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतेय.

आम्ही पुण्याचे. गाडी साधी, छोटी. चालवते मी, नवरा शेजारी बसून नकाशा आणि भूक सांभाळतो, मागे दोन मुलं आणि अधूनमधून सासूबाई. खालची उत्तरं श्रीवर्धन ते मालवण या किनारपट्टीपुरती आहेत. महाबळेश्वरला किंवा लोणावळ्याला शनिवारी संध्याकाळी असं गेलात आणि फसलात तर माझ्याकडे येऊ नका.

खोली खरंच मिळते का?

मिळते. सोमवार ते गुरुवार तर वाट्टेल तिथे मिळते. या किनाऱ्यावर राहण्याची मुख्य सोय हॉटेलांची नाही, घरांची आहे. दिवेआगर, श्रीवर्धन, हर्णै, आंजर्ले, मुरुड (दापोलीजवळचं), गुहागर, मालवण, तारकर्ली, कुठेही जा. नारळी-पोफळीच्या वाडीत मूळ घराशेजारी चार-सहा खोल्या बांधलेल्या असतात आणि फाटकावर 'घरगुती राहण्या-जेवणाची सोय' अशी पाटी. यातल्या कितीतरी खोल्या कुठल्याही ॲपवर नाहीत. काकूंचा मोबाइल नंबर हीच त्यांची वेबसाइट. ॲपवर 'सर्व खोल्या भरल्या' असं लाल अक्षरात दिसत असताना त्याच गावात आम्ही तीन घरांतून खोली निवडली आहे.

मग लोकांना परत का फिरावं लागतं?

कारण ते रात्री आठला पोचतात. खोल्या असतात, पण आठ वाजता अंधारात वाडीतली पाटी दिसत नाही, फाटकाला कडी लागलेली असते आणि घरच्यांचं जेवण चाललेलं असतं. आमचा नियम एकच: चार वाजले की पुढे जायचं थांबवायचं आणि जिथे आहोत तिथे खोली शोधायची. चार ही वेळ उगाच नाही. सकाळचे पाहुणे दहा-बारापर्यंत गेलेले असतात, खोली झाडून झालेली असते, घरातली माणसं दुपारची झोप काढून चहाला उठलेली असतात. डिसेंबरात सहा वाजून गेले की सूर्य बुडतो. म्हणजे खोली ठरवून, हातपाय धुऊन पुळणीवर, समुद्राकाठच्या वाळूवर, जायला वेळही मिळतो.

"अजून तासाभरात पुढचं गाव गाठू" हे वाक्य साडेचारनंतर गाडीत उच्चारायला आमच्याकडे बंदी आहे. कोकणातला तास नकाशातल्या तासासारखा नसतो.

बुकिंग केलं तर बिघडतं काय?

काहीच नाही. ज्यांना एकाच ठिकाणी तीन दिवस पाय पसरून राहायचं आहे त्यांनी खुशाल करावं. पण किनाऱ्याकिनाऱ्याने खाली उतरायचं असेल तर बुकिंग गळ्यात अडकतं. वाटेत खाड्या आहेत, खाड्यांवर फेरीबोटी आहेत आणि प्रत्येक फेरीबोटीपुढे गाड्यांची रांग आहे. एकदा आम्ही वेळणेश्वरला दोन दिवस राहायचं ठरवून आलो आणि हेदवीच्या अलीकडेच मुलांना एक ओढा सापडला. दोन दिवस त्यातच गेले. पुढच्या गावी आगाऊ पैसे भरलेले असते तर मी त्यांना ओढ्यातून कान धरून काढलं असतं.

कोणत्या दिवसांत चुकूनही जाऊ नये?

गणपतीत. चाकरमानी मुंबईहून गावी येतात, रस्ता तुंबतो आणि ज्या घरात तुम्हाला खोली मिळणार तिथे त्यांचेच पंधरा-वीस पाहुणे जमिनीवर गाद्या टाकून झोपलेले असतात. बरेच लोक तेव्हा सोय बंदच ठेवतात. शिमग्यालाही तीच गत. दिवाळीचा आठवडा, नाताळ ते १ जानेवारी आणि सलग तीन सुट्ट्या जोडून आलेला कुठलाही शनिवार-रविवार, हे दिवस बुकिंगवाल्यांचे.

याशिवाय जागोजागचे आपापले दिवस असतात, आणि बाहेरचा माणूस फसतो तो यात. अंगारकीला गणपतीपुळे. महाशिवरात्रीला कुणकेश्वर. वेळासला फेब्रुवारी ते एप्रिल कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात, तेव्हा एवढ्याशा गावात पाहुणे मावत नाहीत, तिथे आधी फोन कराच. सगळ्यात अवघड आंगणेवाडीची जत्रा. भराडी देवीच्या या जत्रेची तारीख पंचांगात ठरलेली नसते, देवीचा कौल घेऊन ठरवतात. लाखो माणसं येतात आणि मालवण, मसुरे, कणकवली सगळीकडची राहण्याची सोय भरते. जानेवारी ते मार्चमध्ये सिंधुदुर्गात जायचं असेल तर निघण्याआधी तेवढी तारीख बघून घ्या.

मे महिन्याचं उत्तर अर्धं-अर्धं. आठवड्याच्या मधल्या दिवशी खोली मिळते, पण भाव चढलेला असतो आणि काही गावांत पाण्याची ओढ असते. आंबे मात्र तेव्हाच.

रस्ता कसा धरायचा?

पुण्याहून आम्ही बहुतेक वेळा ताम्हिणी घाट उतरून माणगावला येतो आणि तिथून श्रीवर्धन किंवा दिवेआगर. मुंबईकरांना भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट रो-रो बोट आहे. २०२० पासून सुरू आहे, तासाभरात पलीकडे सोडते. तिचं तिकीट मात्र सुट्टीच्या दिवशी आधी काढा. बोटीला बुकिंग करायला माझी हरकत नाही. पुढे अलिबाग, रेवदंडा, मुरुड-जंजिरा करत आगरदांड्याला यायचं.

घाटांतून उतरायला पर्याय पुष्कळ: कराडकडून कुंभार्ली, कोल्हापूरकडून आंबा किंवा गगनबावडा, सावंतवाडीला आंबोली. परत येताना वेगळा घाट धरावा एवढंच सांगेन. गेलेल्या वाटेनेच परत येणं मुलांनाही आवडत नाही.

फेरीबोटीची भानगड काय आहे? गाडी चढवायची भीती वाटते.

सगळ्यांनाच वाटते, एकदाच. खाडीच्या काठाला सपाट बोट लागते, तिचं तोंड धक्क्यावर टेकतं, माणूस हाताने खुणा करतो आणि तुम्ही गाडी आत नेता. काही ठिकाणी मागे मागे घेत चढवावी लागते. त्या माणसाकडे बघा, आरशाकडे नको. गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि उतरून कठड्याशी उभं राहायचं.

उत्तरेकडून खाली येताना क्रम असा. आगरदांडा ते दिघी, म्हणजे मुरुड-जंजिऱ्याकडून दिवेआगरकडे. मग हरिहरेश्वरजवळच्या बागमांडल्याहून वेसवी, इथे रायगड जिल्हा संपून रत्नागिरी लागतो. पुढे दाभोळ ते धोपावे, दापोली तालुक्यातून गुहागर तालुक्यात. शेवटी तवसाळ ते जयगड, आणि तिथून गणपतीपुळे वीसेक किलोमीटर.

यातली दाभोळची फेरी चुकली तर काय होतं ते ऐका. समोर धोपाव्याचा काठ दिसत असतो, पण रस्त्याने गुहागरला जायचं तर दापोली, खेड, चिपळूण असा वळसा, शंभराहून जास्त किलोमीटर. म्हणून शेवटच्या फेरीच्या भरवशावर कधीही राहू नका. वेळा हंगामाप्रमाणे आणि हवेप्रमाणे बदलतात, सकाळी आदल्या मुक्कामाच्या यजमानांनाच विचारा. त्यांच्याकडे धक्क्यावरच्या कुणाचा तरी नंबर असतोच.

खाडी ओलांडून मग मुक्काम करायचा की अलीकडेच? आम्ही संध्याकाळी अलीकडे राहतो आणि सकाळी पहिल्या-दुसऱ्या फेरीने जातो. सकाळी रांग नसते.

पोचल्यावर खोली शोधायची कशी? दारोदार फिरायचं?

थोडं फिरायचंच. आमची पद्धत अशी: गाडी देवळापाशी किंवा एसटी थांब्याजवळच्या टपरीपाशी लावायची, चहा सांगायचा आणि टपरीवाल्याला विचारायचं, "इथे घरगुती सोय कुणाकडे चांगली आहे?" तो दोन नावं सांगतो. एक त्याच्या मेव्हण्याचं असतं, दुसरं खरोखर चांगलं असतं. कोणतं कुठलं ते चहा संपेपर्यंत कळतं. किराणा दुकानदार, पिठाची गिरणी, देवळातले पुजारी हेही उत्तम. रिक्षावाल्याला विचारलंत तर तो सोबत येईल आणि मग भावात त्याचा वाटा धरला जाईल.

दुपारी जेवायला थांबलात की पुढच्या गावातल्या दोन घरांना फोन करून "आज खोली आहे का" एवढं विचारायलाही हरकत नाही. नंबर कुठून? आदल्या मुक्कामाच्या काकूंकडून. पाहुण्यांची अशी देवाणघेवाण इथे वर्षानुवर्षं चालू आहे, आणि "मला अमक्या काकूंनी पाठवलंय" म्हटलं की फाटक वेगळ्याच आवाजात उघडतं.

खोली बघायला मागितली तर वाईट दिसतं का?

मुळीच नाही. उलट न बघता पैसे दिलेत तर तेच बुचकळ्यात पडतात. आत गेल्यावर नळ सोडून बघा, संडास बघा, पंखा फिरवा. गरम पाण्याला गीझर आहे की सकाळी बंबातून बादली मिळणार ते विचारा. बादली वाईट नाही, पण सहा वाजता निघायचं असेल तर आदल्या रात्री सांगावं लागतं. वीज गेली तर इन्व्हर्टर आहे का, आणि त्यावर पंखा चालतो की नुसता दिवा, हेही विचारा. खिडकीला जाळी नसेल तर डासांची उदबत्ती मागून घ्या. गाडी फाटकाच्या आत लागते ना? नारळाच्या झाडाखाली लावू नका. हे चेष्टेने सांगत नाही. आमच्या गाडीच्या टपाला अजून खळी आहे.

खोली पसंत नाही पडली तर "जरा पुढे बघून येतो" म्हणायचं. सगळ्यांना कळतं, कुणी रागावत नाही.

भाव किती? घासाघीस करायची का?

बिगरहंगामात, आठवड्याच्या मधल्या दिवशी, साध्या घरगुती खोलीला आम्ही साधारण हजार ते दोन हजार देत आलोय. एसी असेल तर त्याहून वर, समुद्र दिसत असेल तर आणखी वर. मे महिन्यात आणि सुट्टीत हाच आकडा दीडपट-दुप्पट होतो. जेवणाचे माणशी वेगळे.

घासाघिशीबद्दल माझं मत कडक आहे. संध्याकाळी पाच वाजता खोली रिकामी असेल तर भाव थोडा उतरतो, हे खरं. "दोन रात्री राहिलो तर किती?" असं विचारणं रास्त. पण चार खोल्यांच्या जिवावर वर्ष काढणाऱ्या घराशी दोनशे रुपयांसाठी अर्धा तास हुज्जत घालायची आणि मग त्याच काकूंच्या हातचं जेवायचं, हे मला जमत नाही. तुमचं तुम्ही बघा.

जेवणाचं काय?

हा खरा प्रश्न आहे, आणि तो फार थोडे लोक विचारतात. खोली ऐनवेळी मिळते, जेवण ऐनवेळी मिळत नाही. घरगुती सोयीत माणसं मोजून स्वयंपाक होतो. चारच्या नियमाचं हेही एक कारण: पाचपर्यंत "रात्री चार जण जेवणार, एक तिखट कमी खातो" असं सांगितलं तर आठ वाजता गरम पान मिळतं. सात वाजता पोचून विचारलं तर पिठलं-भात मिळेल, तेही प्रेमाने, पण त्यासाठी कुणीतरी विझवलेला गॅस पुन्हा पेटवलेला असतो.

उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी किंवा निदान सकाळी सांगा. मासे खायचे असतील तर आधी विचारा, कारण दिवेआगर, मुरुड, गुहागर भागातल्या पुष्कळ घरांत स्वयंपाक पूर्ण शाकाहारी असतो आणि बाहेरून मासे आणून खोलीत खाल्लेलेही चालत नाहीत. तिथे फणसाची भाजी, कुळथाचं पिठलं, आमसुलाचं सार यांवर ताव मारा. मालवणकडे गेलात की काळजी मिटली. हर्णै बंदरात संध्याकाळी माशांचा लिलाव चालतो, तो बघायला तरी जाच. ताजी मासळी घेऊन यजमानांना "एवढं करून द्याल का?" विचारलं तर पुष्कळ ठिकाणी करून देतात, पण मासळी हातात धरून नव्हे, घ्यायच्या आधी विचारा.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते. त्या काळात 'ताजी सुरमई' अशी पाटी दिसली तर गाडी न थांबवता पुढे जा.

ओळखपत्र कोणतं लागतं? लग्न न झालेल्या जोडप्याला खोली देतात का?

प्रत्येक प्रौढ माणसाचं आधार किंवा वाहन परवाना. पॅन कार्डावर पत्ता नसतो, म्हणून ते चालवून घेत नाहीत. झेरॉक्स प्रती गाडीत ठेवा, गावात वीज नसेल तर झेरॉक्सही नसते.

लग्नाचं म्हणाल तर दोन प्रौढ माणसांनी एका खोलीत राहू नये असा कायदा नाही. पण ज्या घरात आजी पडवीत जपमाळ घेऊन बसलेली आहे तिथे कायदा सांगून उपयोग होत नाही. अशांनी दुपारी फोनवरच सरळ विचारून घ्यावं किंवा तालुक्याच्या गावातलं लॉज, रिसॉर्ट बघावं. दारात वाद घालून मिळवलेल्या खोलीत झोप लागत नाही.

अमेरिकेहून आलेला भाचा सोबत असेल आणि त्याचा पासपोर्ट तिकडचा असेल तर आधीच सांगा. परदेशी नागरिकाची नोंद यजमानाला चोवीस तासांच्या आत ऑनलाइन करावी लागते. लहान सोयीवाले या कटकटीला भिऊन नाही म्हणतात. त्या एका मुक्कामाला मोठं हॉटेल बरं.

सोबत वयस्कर माणसं आहेत. जमेल?

सासूबाई चौऱ्याहत्तराव्या वर्षी आमच्याबरोबर अशा पाच रात्री राहिल्या. त्यांच्यासाठी मी तीनच गोष्टी बघत होते: खोली तळमजल्यावर, कमोड, आणि बाथरूममध्ये घसरणार नाही अशी फरशी. 'वर छान वारा येतो' असं यजमान हमखास म्हणतात. वारा नको म्हणायचं. औषधांची पिशवी डिक्कीत नको, पायाशी. आणि पहिल्या दिवशी दोनशे किलोमीटरच्या वर जाऊ नका, घाटात वयस्कर माणसाला मागच्या सीटवर जास्त गरगरतं.

तान्हं मूल असेल तर मात्र मी पहिल्या रात्रीचं तरी बुकिंग करून निघेन.

बाई एकटी गाडी घेऊन गेली तर?

मी दोनदा गेलेय. एकटीला घरगुती सोय लॉजपेक्षा केव्हाही बरी, कारण तिथे रात्री भिंतीपलीकडे घर असतं. चारचा नियम मी एकटी असताना तीनचा करते. फाटकात पुरुष आला तरी "काकू आहेत का घरात?" हे पहिलं विचारते, आणि त्यांच्याशीच खोलीचं बोलते. चौकशा होतात: मालक कुठे, मुलं कुठे, एकटीच का. त्यात वाकडं काही नसतं, कुतूहल असतं. दुसऱ्यांदा गेले तेव्हा काकूंनी रात्री मला आपल्याच घरात, माजघरात झोपवलं आणि खोलीचे पैसे सकाळी अर्धेच घेतले.

ड्रायव्हर सोबत असेल तर?

त्याची झोपायची सोय खोलीच्या बोलण्यातच ठरवा, नंतर नाही. पुष्कळ ठिकाणी पडवीत गादी, पंखा आणि वेगळं न्हाणीघर मिळतं. 'तो गाडीत झोपेल' असं गृहीत धरणाऱ्यांनी स्वतः एकदा मे महिन्यात मालवणला गाडीत झोपून बघावं. सकाळी घाट त्यालाच चढायचाय.

खोली नाहीच मिळाली तर?

किनारा सोडा आणि आत वळा. सगळे समुद्राकडे तोंड करून खोली शोधत असतात, तालुक्याच्या गावाकडे कुणी बघत नाही. दिवेआगर-श्रीवर्धनला भरलं असेल तर म्हसळा, नाहीतर सरळ माणगाव. हर्णै-मुरुडला नसेल तर दापोली. गुहागरला नसेल तर चिपळूण. गणपतीपुळ्याला नसेल तर आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरी, आणि तो रस्ता इतका देखणा आहे की खोली न मिळाल्याचं दुःख राहत नाही. तारकर्लीला नसेल तर मालवण, तिथेही नसेल तर महामार्गावर कुडाळ किंवा कणकवली. तिथली स्टँडजवळची लॉज फिरत्या विक्रेत्यांसाठी असतात. भिंतीचा रंग विचारू नका, पण चादर स्वच्छ मागितली तर बदलून देतात.

एमटीडीसी, भक्तनिवास, सरकारी विश्रामगृह?

एमटीडीसीची, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाची, जागा बहुतेक ठिकाणी गावातली सगळ्यात मोक्याची. गणपतीपुळे, तारकर्ली, हरिहरेश्वर ही उदाहरणं बघा. आठवड्याच्या मधल्या दिवशी थेट जाऊन विचारायला हरकत नाही. देवस्थानांची भक्तनिवासं स्वस्त आणि स्वच्छ, पण रात्री फाटक बंद होतं आणि नियम नियमच असतात. बांधकाम खात्याच्या विश्रामगृहाचा नाद सोडा. खोली मिळालीच आणि रात्री साहेब आले तर तुम्हाला बाहेर पडावं लागतं.

गाडीतच झोपलं तर?

एकदा झोपलोय, महामार्गावरच्या एका पेट्रोल पंपावर, पंपवाल्याला विचारून. नवऱ्याची मान तीन दिवस वळत नव्हती. नाइलाजाने वेळ आलीच तर दिवे असलेला, माणसांची ये-जा असलेला पंप बघा. इंजिन आणि एसी चालू ठेवून काचा बंद करून झोपू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत शिरला तर वास येत नाही आणि माणूस झोपेतच जातो. काचा बोटभर उघड्या ठेवा, डास चावू देत. निर्जन पुळणीवर किंवा सुरूच्या बनात गाडी लावून झोपायची कल्पना चित्रात छान दिसते. प्रत्यक्षात गावकरी टॉर्च घेऊन येतात, आणि बरोबरच करतात.

गाडी पुळणीवर नेता येते का?

नाही. दर सुट्टीत एखादी गाडी वाळूत रुततेच, भरती चढते, मग जेसीबी किंवा बैलजोडी शोधत लोक फिरतात आणि वर पोलिस गुन्हा नोंदवतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी तुमच्या अंदाजापेक्षा खूप वर येतं. खाऱ्या पाण्यात बुडालेल्या इंजिनावरून विमा कंपनीशी भांडण होईल ते वेगळंच.

पावसाळ्यात जावं का?

खोल्या मिळतात, भाव कमी असतो, हिरवं इतकं की डोळे निवतात. तरीही जून ते ऑगस्टमध्ये मी बिनबुकिंगचा लांब प्रवास करत नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या आणि तारकर्लीचं स्कूबा बंद असतं, वादळी हवेत फेरीबोटी थांबतात, आणि मग वर सांगितलेला शंभर किलोमीटरचा वळसा पावसात पडतो. भोर-महाड रस्त्यावरचा वरंधा घाट अलीकडच्या पावसाळ्यांत दरडींमुळे बंदच ठेवतात. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, दोन एसटी गाड्या त्यात गेल्या. २२ जुलै २०२१ ला चिपळूण वाशिष्ठीच्या पुरात बुडालं. हे घाबरवायला सांगत नाही. या काळात मुक्काम ठरलेला नसेल तर माणूस अंधारात, पावसात, 'अजून थोडं पुढे' करत गाडी रेटतो, आणि नेमकं तेच करायचं नसतं.

सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा माझा आवडता काळ, गणपती आणि दिवाळी वगळून.

पेट्रोल, पैसे, नेटवर्क?

सागरी रस्त्यावर पंप विरळ. टाकी अर्धी झाली की भरायची. सीएनजीवाल्यांनी पेट्रोलचीही टाकी भरलेली ठेवा. विजेवरची गाडी असेल तर चार्जिंगची सोय बहुतेक महामार्गाकडेच, म्हणून तुमचा मुक्काम गाडी ठरवणार. त्यापेक्षा आधीच बुकिंग करा आणि खोलीत चार्जिंगची सोय विचारून घ्या.

यूपीआय सगळीकडे चालतं, फक्त खाडीच्या कडेला आणि घाटाच्या पायथ्याशी रेंज नसते. दोन रात्रींचे पैसे रोख जवळ असू द्या. नकाशा निघण्याआधी फोनमध्ये उतरवून घ्या. आणि नकाशा एखाद्या पाखाडीतून जा म्हणाला तर जाऊ नका. पाखाडी म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट. ॲपला ती रस्ता वाटते.

घरी काय सांगून निघायचं? आईला मुक्कामाचा पत्ता हवा असतो.

माझ्याही आईला हवा असायचा. "म्हणजे कुठे राहणार ते माहीतच नाही?" हे ती दरवेळी दारात म्हणायची. आता खोली ठरली की फाटकावरच्या पाटीचा फोटो काढून तिला पाठवते. पाटीवर घराचं नाव, गाव आणि काकूंचा नंबर तिन्ही असतं. गेल्या खेपेला ती त्या नंबरवर फोन करून काकूंशी वीस मिनिटं बोलली, आणि आम्ही पुळणीवरून परत येईपर्यंत रात्रीची भाजी कोणती ते त्या दोघींनी ठरवून टाकलं होतं.